पोट शिवण्याआधीची पाच मिनिटं : पुण्यातल्या सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
पुणे शहर आणि जिल्ह्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे रेसिडेंट डॉक्टर

सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझी सगळी नोकरी पुण्यातल्या ऑपरेशन थिएटरांत झाली. टेबलाच्या एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला ट्रॉली लावून मी. तुम्ही मान वर न करता हात पुढे केलात की त्या हातात नेमकं हवं ते अवजार ठेवणारी जी सिस्टर असते, ती मी. आता निवृत्त झाले आहे. आज तुमच्याकडे एक मागणं घेऊन आले आहे आणि ते चारचौघांत मांडते आहे, कारण ते ज्यांच्यासाठी मागायचं ती माणसं त्या वेळी टेबलावर भूल घेऊन झोपलेली असतात.

पोटाच्या ऑपरेशननंतर आत जे चिकटतं, ज्याला तुम्ही ॲडहेजन्स म्हणता आणि रुग्ण 'आतडी चिकटली' म्हणतात, ते टाळण्यासाठी थिएटरमध्ये जे जे करता येतं ते प्रत्येक केसमध्ये करा. लिस्ट लांब असो, भूलतज्ज्ञ घाई करत असोत, रात्रीचे दोन वाजलेले असोत, तरी करा. आणि रुग्णाला त्याबद्दल आधी सांगा, घरी जाताना लिहून द्या.

सिझर झालेली, पिशवी काढलेली, अपेंडिक्स काढलेली, हर्निया झालेली माणसं आपल्या प्रत्येक घरात आहेत. त्यांना विचारून पाहा. टाके कधी काढायचे हे त्यांना सांगितलेलं असतं. पाण्याची कळशी किती दिवस उचलायची नाही, भात कधी खायचा, टाक्यांवर पाणी कधी घ्यायचं, सगळं सांगितलेलं असतं. पोटाच्या आतही एक जखम भरते आहे आणि ती भरताना शेजारच्या अवयवाला धरून बसू शकते, हे कुणी सांगितल्याचं शंभरात एखादाच म्हणेल. मग काही वर्षांनी अचानक कळा सुरू होतात, उलट्या होतात, पोट फुगतं, आणि घरातले 'गॅस झालाय' म्हणून ओवा देतात, हिंग लावतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एरंडेल देतात. आतडं अडकलेलं असताना दिलेलं एरंडेल काय करतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे पत्र डॉक्टर नसलेलेही वाचतील, म्हणून आत काय घडतं ते आधी लिहिते.

पोटाच्या आत पेरिटोनियम नावाचं पातळ, ओलसर अस्तर असतं. ते पसरून मोजलं तर जवळपास अंगावरच्या त्वचेइतकं भरेल. पोटाची भिंत, आतडी, गर्भाशय, मूत्राशय, या सगळ्यांवर तेच असतं, म्हणून आतडी एकमेकांवरून दिवसरात्र अलगद सरकत राहतात. या अस्तराला इजा झाली की तिथून द्रव पाझरतो आणि काही तासांत फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचा, थर बसतो, ओल्या खळीसारखा चिकट. शेजारचं आतडं त्याला टेकलं की धरलं जातं. इथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. ही खळ विरघळवायची सोय शरीरानेच केलेली आहे. अस्तराच्या पेशी प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर नावाचं द्रव्य तयार करतात आणि काही दिवसांत फायब्रिन निघून जातं. पण जिथला रक्तपुरवठा तुटला आहे, जिथे जंतुसंसर्ग आहे, जिथे परकी वस्तू पडली आहे, तिथे ही ताकद घटते. राहिलेल्या फायब्रिनमध्ये फायब्रोब्लास्ट पेशी शिरतात, कोलॅजनचे धागे घालतात, त्यात रक्तवाहिन्या येतात, नसांचे तंतूसुद्धा येतात. तो बंध मग कायमचा.

त्वचेची जखम कडेने भरत येते, म्हणून मोठी जखम जास्त दिवस घेते. पेरिटोनियमचं तसं नाही. ते साऱ्या पृष्ठभागावर एकाच वेळी नव्याने तयार होतं. सोललेली जागा रुपयाएवढी असो की तळहाताएवढी, साधारण पाच ते आठ दिवसांत ती झाकली जाते. म्हणजे चिकटणार की सुटणार याचा निकाल पहिल्या आठवड्यात लागतो, आणि त्यातला मोठा भाग तुम्ही पोट बंद कराल त्या क्षणापर्यंत ठरलेला असतो. माझं सगळं मागणं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे किती जणांना होतं? १९९० साली मेन्झिस आणि एलिस या ब्रिटिश सर्जननी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० रुग्णांपैकी ९३ टक्के जणांच्या पोटात ॲडहेजन्स सापडल्या. कधीच ऑपरेशन न झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. यातल्या बहुतेकांना काही त्रास होत नाही हेही खरं, आणि रुग्णांना घाबरवू नये म्हणून तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पण त्रास होतो त्यांचं काय होतं, हे स्कॉटलंडच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. १९८६ मध्ये पोटाचं किंवा ओटीपोटाचं उघडं ऑपरेशन झालेल्या २९,७९० जणांच्या नोंदी दहा वर्षं पाहिल्या गेल्या आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ३४.६ टक्के, म्हणजे तिघांतला एक, पुन्हा दाखल झाला होता, सरासरी दोनदा. कुणी थेट ॲडहेजन्समुळे, कुणी त्यांच्यामुळे असू शकेल अशा त्रासासाठी, कुणी ॲडहेजन्समुळे अवघड होऊ शकेल अशा पुढच्या ऑपरेशनसाठी. थेट ॲडहेजन्समुळेच म्हणता येतील अशा भरत्या त्यातल्या ५.७ टक्के होत्या. मला त्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी की भरत्या पहिल्या वर्षात संपल्या नाहीत, दहाही वर्षं चालू राहिल्या. फॉलोअपला येणं बंद झाल्यावरही रुग्णाचं पोट तेच असतं. तो तुमच्याकडेच परत येईल असं नसतं. जुन्नरला सिझर झालेली बाई हडपसरला राहायला आलेली असते आणि तिची आतडी अडकतात तेव्हा तिला तिसऱ्याच दवाखान्यात नेतात.

आता टेबलावरचं सांगते. हे तुम्हाला शिकवण्याचा अधिकार मला नाही, पण पाहिलेलं सांगण्याचा आहे. एकाच ऑपरेशनला वेगवेगळे हात कसे चालतात हे तुमच्यापैकी कुणीही पाहिलं नसेल इतकं आम्ही सिस्टर पाहतो. तुम्ही स्वतःचे हात पाहता आणि शिकताना गुरूंचे पाहिलेले असतात. आम्ही सकाळी एका सरांचे पाहतो, दुपारी दुसऱ्या मॅडमचे, रात्री इमर्जन्सीला रजिस्ट्रारचे.

मॉपचंच घ्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये वापरायच्या कापडी घडीचं. आतडी बाहेर घेतली की ती कोमट सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या मॉपमध्ये ठेवायची, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण केस लांबली की वरच्या दिव्याखाली तो मॉप सुकतो. सुकलेला मॉप अस्तराला खरवडतो आणि त्याचे बारीक धागे आत राहतात. काही सर्जन दर थोड्या वेळाने स्वतःहून 'सिस्टर, सलाईन' म्हणतात. काहींच्या बाबतीत आतड्याची चकाकी गेलेली मला दिसायची आणि मी विचारायचे, 'सर, मॉप ओला करू?' बहुतेक जण हो म्हणायचे. एक-दोघांनी 'मध्ये बोलू नका' असंही सांगितलं. माझी विनंती आहे, सिस्टरला हे बोलायची मोकळीक आधीच देऊन ठेवा. मॉपचा काउंट जसा आम्ही न विचारता मोठ्याने सांगतो, तसं 'मॉप सुकलाय' हेही सांगू दे.

रक्त टिपायचं असतं. घाईत ते पुसलं जातं. कोरड्या गॉजने जोरात पुसलेल्या आतड्यावर लगेच काही दिसत नाही, म्हणून हातही थांबत नाही. छेद उघडा धरायचा रिट्रॅक्टर धरणारा इंटर्न कंटाळतो आणि ओढतो. विजेचा चटका देणाऱ्या कॉटरीने एका टोकाएवढं रक्त थांबवायचं असताना नाण्याएवढा काळा डाग पडतो. जळलेल्या त्या जागेत रक्तपुरवठा उरत नाही, आणि फायब्रिन विरघळवायची ताकद नेमकी तिथेच मरते. मोठा घास घेऊन घट्ट बांधलेल्या टाक्याचंही तेच. सोललेली प्रत्येक जागा पेरिटोनियम ओढून शिवून झाकायची, अशी एक जुनी सवय होती. हॅरॉल्ड एलिस यांनी अर्धशतकापूर्वीच दाखवून दिलं की उघडी ठेवलेली सोललेली जागा बहुधा नीट भरून येते आणि ताणून शिवलेली, रक्त तुटलेली जागा चिकटते. तरी ती सवय मी बरीच वर्षं पाहिली. गुरूंनी तसं शिकवलेलं असायचं.

मग हातमोज्यांची पावडर. हातमोजा सहज चढावा म्हणून लावलेली मक्याच्या स्टार्चची पावडर पोटात पडली की शरीर तिला परकी वस्तू समजतं आणि तिच्याभोवती गाठी आणि चिकटे तयार होतात. त्याआधी टाल्क वापरायचे, ते याहून वाईट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१७ पासून पावडरचे हातमोजे बंदच केले, आणि त्यांनी दिलेल्या कारणांत ऑपरेशननंतरच्या ॲडहेजन्सचा स्पष्ट उल्लेख होता. मी काम केलेल्या काही लहान हॉस्पिटलांत मात्र त्यानंतरही स्वस्त पडतात म्हणून तेच मागवले जायचे. हातमोजे सलाईनमध्ये धुवून घेतले तरी सगळी पावडर जात नाही. पोट उघडायच्या केसला पावडर नसलेलेच हातमोजे, एवढं स्टोअरला एकदा लिहून दिलंत तर तो प्रश्न त्या हॉस्पिटलपुरता कायमचा मिटतो. या सगळ्या यादीत याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

आणि शेवटची पाच मिनिटं. मुख्य काम झालेलं असतं, सगळ्यांचे खांदे सैल पडतात, पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलेलं असतं, आणि पोट बंद करायचं काम ज्युनियरकडे जातं. पेल्विसमध्ये, म्हणजे ओटीपोटात, साचलेल्या रक्ताच्या गुठळ्या बाहेर घेणं, कोमट सलाईनने धुणं, आतडी जागच्या जागी नीट ठेवणं, ओमेंटम, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, खाली ओढून टाक्यांच्या रेषेखाली पसरणं, पोटाची भिंत शिवताना आतडं सुईत येत नाही ना ते पाहणं, हे सगळं याच वेळचं. ही पाच मिनिटं सिनियरने टेबलावर राहावं. मी पाहिलेल्या चांगल्या सर्जनमध्ये आणि फार चांगल्या सर्जनमध्ये फरक इथे दिसायचा.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने यात खूप सुधारणा झाली आहे. स्कॉटलंडमधल्याच २००९ ते २०११ या काळातल्या ७२ हजारांहून अधिक रुग्णांच्या पुढच्या अभ्यासात, पाच वर्षांत थेट ॲडहेजन्समुळे दाखल व्हावं लागलेले रुग्ण उघड्या ऑपरेशननंतर ४.३ टक्के होते, दुर्बिणीनंतर १.७ टक्के. पण 'दुर्बिणीतून केलंय, आत काही होणार नाही' हे वाक्य मी अनेक नातेवाइकांना ऐकवलं जाताना ऐकलं आहे. ते तेवढं खरं नाही. ज्याला छिद्रातून करता येईल त्याला मोठा छेद देऊ नये, आणि छिद्रातून केलं तरी आत हात हलकाच हवा.

अडसर ठेवण्याच्या वस्तूंबद्दल मला जपून लिहायला हवं. हायलुरोनेट आणि कार्बॉक्सीमिथाईलसेल्युलोजचा पातळ पापुद्रा, ऑक्सिडाइज्ड रिजनरेटेड सेल्युलोजचं कापडासारखं जाळं, आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण, अशा गोष्टी बाजारात आहेत. अस्तर भरायला लागणारा आठवडा सोललेल्या दोन जागा एकमेकींपासून दूर ठेवायच्या आणि मग विरघळून जायचं, एवढंच त्यांचं काम. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित आढाव्यात हायलुरोनेटच्या पापुद्र्याने आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. पण तो आतडं जोडलेल्या शिवणीभोवती गुंडाळला तर ती शिवण गळण्याचा धोका वाढतो. आणि सेल्युलोजचं जाळं रक्त पूर्ण थांबलेलं नसेल तर उपयोगाचं राहत नाही. शिवाय ते महाग आहे. प्रत्येक अपेंडिक्सला ते वापरा आणि बिल वाढवा, असं मी मुळीच म्हणत नाही. ज्या बाईला पुढे मूल हवं आहे आणि जिच्या बीजकोशावर, नळ्यांवर काम झालं आहे, ज्याला पुन्हा एकदा पोट उघडावं लागणार हे माहीत आहे, अशांच्या बाबतीत निदान विचार करा, आणि त्यांच्याशी बोला. ओला मॉप फुकट आहे. तो वापरलेला नसताना वर महाग पापुद्रा लावणं मला पटत नाही.

हे सगळं आधीच का करायचं, तर नंतर करण्यासारखं फार थोडं उरतं म्हणून. तयार झालेला चिकटा कुठल्याही गोळीने विरघळत नाही, मालिशने सुटत नाही. तो कापायला पुन्हा आत शिरायचं तर नवी इजा, नवं फायब्रिन. २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार ॲडहेजन्स सोडवाव्या लागणाऱ्या ऑपरेशनांत सुमारे ६ टक्के वेळा आतड्याला चुकून छिद्र पडतं. जुनाट पोटदुखीसाठी ॲडहेजन्स कापून काही फायदा होतो का, हे नेदरलँड्समध्ये १०० रुग्णांवर पाहिलं गेलं. निम्म्यांच्या ॲडहेजन्स दुर्बिणीतून सोडवल्या, निम्म्यांमध्ये नुसतं आत पाहून बाहेर आले. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. म्हणून तर मी पहिल्या ऑपरेशनच्या टेबलापाशी उभी राहून हे मागते आहे.

स्त्रीरोगतज्ज्ञांशी मला जरा वेगळं बोलायचं आहे. मॅडम, सर, या विषयाचं सगळ्यात मोठं ओझं बायकांच्या पोटावर आहे. दोन सिझर, मग टाक्याचं किंवा बिनटाक्याचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, चाळिशीत पिशवी. एकाच पोटात तीन-चार वेळा शिरायचं. तिसऱ्या सिझरला मूत्राशय वर ओढून गर्भाशयाला चिकटलेलं असतं आणि बाळापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो, तेव्हा थिएटरमध्ये पडणारी शांतता मी अनुभवली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझरने झालेली होती. त्यातली अनेक जीव वाचवणारी असतील. सगळी नव्हती, हे आपण सगळे जाणतो. आणि पिशवीचं काय? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हाच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्या बायका आज पुढच्या हंगामाचा ऊस तोडत आहेत आणि त्यांच्यातल्या किती जणी पोट धरून बसत असतील, याची मोजदाद कुणी करत नाही. जे ऑपरेशन टाळता येतं ते टाळणं, हा ॲडहेजन्स टाळण्याचा पहिला उपाय आहे. त्याला ना पापुद्रा लागतो ना कौशल्य.

आता संमतीचा कागद. आपल्याकडे तो बहुधा इंग्रजीत छापलेला असतो, सही नवऱ्याची किंवा मुलाची असते, आणि ती रुग्णाला स्ट्रेचरवर घेतल्यानंतर होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की सज्ञान, शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती स्वतः रुग्णाचीच हवी, आणि उपचाराचं स्वरूप, फायदे, पर्याय, महत्त्वाचे धोके सांगून घेतलेली हवी. आतडी चिकटणं हा पोटाच्या ऑपरेशनचा महत्त्वाचा धोका नसेल तर दुसरा कुठला? दोन वाक्यं मराठीत बोलायला मिनिटभर लागतं. माझा अनुभव असा की खरं सांगितल्याने रुग्ण पळून जात नाहीत. 'डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं' असं म्हणणारी माणसं पुढे त्रास झाला तरी त्याच डॉक्टरांकडे विश्वासाने येतात.

आणि नोंदी. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. आतडं मात्र बाराव्या वर्षी अडकू शकतं. तोवर तुमच्याकडचा कागद रद्दीत गेलेला असतो आणि रुग्णाकडे असतं ते चुरगळलेलं डिस्चार्ज कार्ड, ज्यावर ऑपरेशनचं नाव एका ओळीत आणि खाली गोळ्यांची यादी. म्हणून ऑपरेशन नोटची प्रत मागण्याची वाट न पाहता प्रत्येक रुग्णाला घरी जातानाच द्या. छेद कुठे दिला, आत आधीच्या ॲडहेजन्स होत्या का, कुठे होत्या, काही अडसर वापरला का, कुठे जाळी बसवली, हे त्यात असू द्या. पुढे रात्री तीन वाजता ते पोट उघडणाऱ्या अनोळखी सर्जनसाठी तो कागद सोन्यासारखा आहे. तो सर्जन तुमच्यापैकीच कुणीतरी असेल.

कार्डावर छापायला मी मजकूर तयार केला आहे. तो असा :

'तुमच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे. आत भरून येताना आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात. बहुतेकांना याचा त्रास होत नाही. पण आज, पुढच्या वर्षी किंवा अनेक वर्षांनीही पोटात थांबून थांबून कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या, पोट फुगलं, शौचाला होईना आणि वाराही सरेना, तर घरी वाट पाहू नका. एरंडेल किंवा जुलाबाचं औषध घेऊ नका. पोट चोळू नका. लगेच सर्जन असलेल्या रुग्णालयात जा आणि पोटाचं ऑपरेशन कधी, कोणतं झालं होतं ते सांगा. हे कार्ड सोबत न्या.'

यात काही चुकत असेल तर दुरुस्त करा. पण भाषा अशीच ठेवा. इंदापूरहून आलेल्या आजींना नातवाने वाचून दाखवलं तर त्यांना कळलं पाहिजे.

या सूचनेचा उपयोग खरोखर होतो. लवकर आलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना ऑपरेशन लागतच नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण नसेल तर नाकातून नळी, शिरेतून सलाईन, गॅस्ट्रोग्राफिन हे एक्स-रेत उमटणारं द्रावण पाजून काढलेला एक्स-रे, आणि ७२ तासांपर्यंत नीट लक्ष ठेवून वाट पाहणं, एवढ्याने अनेकांची आतडी सुटतात. उशिरा आलेल्याच्या बाबतीत हा पर्यायच राहत नाही, काळं पडलेलं आतडं कापूनच काढावं लागतं.

एक गोष्ट ओपीडीबद्दल. सोनोग्राफी नॉर्मल, सीटी नॉर्मल, आणि बाई म्हणते दुखतंय. चिकटलेले पातळ पदर या तपासण्यांत सहसा दिसत नाहीत हे तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत नाही. तिला 'टेन्शन घेऊ नका' असं सांगून पाठवलं की ती घरी जाऊन स्वतःवरच शंका घेऊ लागते, आणि सासरचे तर आधीपासून घेत असतात. तिला एवढंच सांगा की तुमच्या जुन्या ऑपरेशनमुळे आत चिकटलेलं असू शकतं, ते तपासणीत दिसत नाही, त्यासाठी पुन्हा पोट उघडणं बहुधा फायद्याचं नसतं, पण तुमचं दुखणं खरं आहे आणि आपण ते कमी करण्याचे इतर मार्ग पाहू. आपल्या देशात पोटाचा क्षयही आतडी चिकटवतो, तोही मनात ठेवून तपासा. हे ऐकायला मिळालं म्हणून रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

तुमच्या संघटनांच्या सभा होतात, टिळक रस्त्यावरच्या आयएमए सभागृहात व्याख्यानं होतात, परदेशातून आलेली नवी यंत्रं दाखवली जातात. त्यातली एक सभा या विषयाला द्या. सिनियर सर्जननी रेसिडेंटसमोर पोट बंद करण्याची ती पाच मिनिटं व्हिडिओवर दाखवावीत. थिएटरच्या सिस्टरांनाही बोलवा आणि मागच्या रांगेत बसवू नका. कार्डावरचा मजकूर त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पक्का करावा आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या-त्याच्या हॉस्पिटलात छापायला द्यावा. पावडर नसलेल्या हातमोज्यांची ऑर्डर तर त्यासाठी थांबायचीही गरज नाही, ती उद्या सकाळी देता येईल. बोलावलंत तर मी येईन.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
पुणे